खट्टला पाणी, शिंकेला पत्ती

आप्पा गेल्यानंतर मी त्यांच्या गाडीला पहिल्यांदा हात लावला, तो नेमका चुकीच्या बाजूला. उजव्या अंगाचा क्रॉस गेलाय, असं आप्पा शेवटचे काही महिने येईल-जाईल त्याला सांगत असत, जणू स्वतःच्याच गुडघ्याबद्दल बोलताहेत. मी गाडीच्या मागून उताणा होऊन डोकं आत घातलं, उजवा हात लांब केला आणि हाताला लागेल तो एक्सल धरून कामाला लागलो. चाक काढलं, पाटा सोडवला, ब्रेकची नळी सोडवताना तिच्यातलं निम्मं तेल कानात घेतलं, आणि शेवटचा नट सुटून एक्सल छातीवर आला तेव्हा बाहेर स्टुलावर बसलेले दाजी शांतपणे म्हणाले, "विजय, ही डावी बाजू हाय." उताणं पडलेल्या माणसाची उजवी बाजू ही गाडीची डावी असते, हे मला त्या दिवशी कळलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, बेळगावात हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्या ते पहिल्या नटालाच लक्षात आलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, आक्कानं बजावलंय, त्याला सध्या काही बोलू नका. त्या वर्षभरात मी भाजीत दोनदा मीठ घातलं असतं तरी घरात सगळ्यांनी गपगुमान खाल्लं असतं. बाप गेलेल्या माणसाला कुणी त्याची चूक दाखवत नाही, आणि त्यामुळं तो एकटाच चुकत राहतो.

गाडीची घाई होती, कारण माझं लग्न होतं. आप्पा श्रावणात गेले. आमच्याकडं घरात कर्तं माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं. माझं लग्न आप्पांनीच ठरवलं होतं, खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याच्या अलीकडच्या एका गावात. मुलीचं नाव सुजाता. बघायच्या कार्यक्रमात आप्पांनी पोहे खाऊन झाल्यावर तिच्या वडिलांना शब्द दिला होता, की तुमच्या लेकीला मी जीप-बीपमधून नेणार नाही, माझ्या विलायती गाडीतनं नेणार. सगळे हसले. मुलीला काही विचारायचंय का, असं कुणीतरी म्हणालं, तर तिनं माझ्याकडं न बघता आप्पांना विचारलं, "गाडीला छप्पर हाय का?" आप्पा म्हणाले, हाय, पण फाटकं. ती म्हणाली, चालंल. तिची आणि माझी पसंती अशी गाडीच्या छपरावर झाली. आप्पा गेल्यावर बाकी सगळ्या गोष्टींना आई ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणाली, पण एवढं एकच तिनं धरून ठेवलं. सून त्याच गाडीतून यायची. आप्पांनी नवे दोन क्रॉस आणून गोठ्याच्या फळीवर वर्तमानपत्रात बांधून ठेवलेलेच होते. पुढच्या रविवारी बसवू, असं ते प्रत्येक रविवारी म्हणायचे.

गाडी आमच्या घरात कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर निपाणीत तंबाखूची पारख करणाऱ्या माणसाकडं दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार कुठली, असं वाटेल. आप्पा एका शेठच्या वखारीत होते. पानं बोटांत चुरगळून, नाकाशी धरून त्यांची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. शेठच्या मुलानं हौसेनं ती गाडी मुंबईहून आणली, एक हिवाळा गावातून फिरवली आणि तो परदेशात गेला तो गेलाच. गाडी वखारीत तंबाखूच्या बोदांमध्ये, म्हणजे गाठोड्यांमध्ये, इतकी वर्षं उभी राहिली, की शेवटी तिच्यावरही लोक पोती टाकायला लागले. एक दिवस शेठ आप्पांना म्हणाले, घेऊन जा बाबा, जागा अडतेय. आप्पांनी ती बैलानं ओढत घरी आणली. रंग पिकायला आलेल्या दोडक्यासारखा हिरवा. इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं नसतं, पडायचं असतं, आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. गल्लीत तिला होडी म्हणत. पण तिची खरी खूण वेगळी होती. सीटच्या काथ्यात वखारीतली बारीक तंबाखू अशी मुरली होती, की गाडी पळत असेपर्यंत वाऱ्यानं काही वाटायचं नाही, आणि थांबली रे थांबली की ती धूळ नाकात जायची. त्या गाडीतून उतरलेला माणूस दारात येऊन शिंकला नाही, असं आमच्याकडं कधी झालं नाही. मामलेदार कचेरीतले एक साहेब एकदा आले होते, ते बिचारे परत जाईपर्यंत बोलूच शकले नाहीत. अजूनही गाडी माझ्याकडं आहे. सीट दोनदा नव्यानं भरल्या, तरी पावसाळ्यात वास येतो. माझी मुलगी म्हणते, बाबा, ही विका नाहीतर हिला बरणीत घाला.

क्रॉस म्हणजे काय, तेही दाजींनी मला ज्या पद्धतीनं सांगितलं तसंच सांगतो, फक्त फळ्यावर आकृती काढत नाही. मागची चाकं खड्ड्यात वर-खाली होतात, पण त्यांना फिरवणारा लोखंडी गोळा मध्ये एका जागी घट्ट असतो. म्हणून गोळ्यापासून चाकाकडं जाणारा एक्सल मनगटासारखा वळावा लागतो. ते मनगट म्हणजे क्रॉस, पुस्तकातला युनिव्हर्सल जॉइंट, अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार टोपणं, त्यांना गॅरेजवाले कप म्हणतात, आणि प्रत्येक कपात आतून दाटीनं उभ्या केलेल्या बारीक सुया. सुया झिजल्या की मनगट ढिलं होतं, आणि गियर बदलून क्लच सोडला की आवाज येतो. खट्ट.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ, वळण इतकं अवघड होतं की तिथं गाडी हळू करून गियर पाडावाच लागायचा. त्यामुळं रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, गिरणीजवळ खट्ट व्हायचं. ते झालं की आई स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारून चहाचं पाणी ठेवायची. मग आप्पा गाडी गोठ्यात लावत, पायरीवर येऊन शिंकत, एकदा नाही, तीन-चारदा, आणि शिंक ऐकली की आई उकळत्या पाण्यात पत्ती टाकायची. खट्टला पाणी, शिंकेला पत्ती. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. दोघं एकमेकांशी फारसं बोलतही नसत. आई नावानं हाक मारायची नाही, आप्पा ‘अगं’च्या पुढं जायचे नाहीत. पण आप्पा हातपाय धुऊन पाटावर बसले की चहा समोर असायचा, आणि सोबत सकाळच्या भाकरीचा चतकोर तव्यावर कडक करून, त्याला तेल-चटणी लावून. आम्ही भावंडं अभ्यास करताना पाणी ठेवल्याच्या आवाजावरून ओळखायचो, आता पुस्तकात डोकं घालायला हवं. क्रॉस पूर्ण जायच्या आधीही तो आवाज काही वर्षं होताच. मला वाटतं म्हणूनच आप्पांचा रविवार कधी उजाडला नाही.

ते गेले सकाळी, नळावर पाणी भरताना. बादली भरून वाहत होती, ती मी आधी बंद केली आणि मग त्यांच्याकडं बघितलं. हे मी पुढं बऱ्याच लोकांना सांगितलं, कारण मला त्यात काहीतरी चुकीचं आहे असं वाटायचं, पण ऐकणारे मान हलवत. त्यानंतरचं सगळं मी केलं. खांदा दिला, अग्नी दिला, केस काढले, पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर उभा राहिलो. शिवला तेव्हा घड्याळात बघितलं. रडलो नाही. न रडायचं ठरवलं नव्हतं, नुसतं आलं नाही. जेवण गेलं, झोप लागली, दाढ दुखली ती काढून घेतली. मावश्या म्हणाल्या, पोरगं धीराचं हाय. एक दिवस गाडीवरची ताडपत्री झटकताना धूळ डोळ्यांत गेली आणि पाणी वाहायला लागलं, तर शेजारच्या काकू धावत आल्या, मला जवळ घेऊन म्हणाल्या, रड बाबा, मोकळा हो. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. पायाला मुंग्या येतात आणि पाय आपला वाटत नाही, तसं मला सगळ्या अंगाला झालं होतं, पण त्यानं चालता येत होतं, म्हणून मी चालत होतो. सुजाताच्या घरून दिवाळीचा फराळ आला. मी त्यातली करंजी खाल्ली आणि ती कशी होती ते आईला सांगता आलं नाही.

तर माघातल्या त्या रविवारी डावा एक्सल चुकून निघालाच होता, तेव्हा दाजींनी तोडगा काढला की दोन्ही बदलू, शास्त्रात तसंच सांगितलंय. कुठल्या शास्त्रात ते मी विचारलं नाही. उजवा काढला. तो क्रॉस व्हाइसच्या शिकंज्यात धरून हातोड्यानं कप बाहेर काढले, तेव्हा आत सुया नव्हत्याच. तांबडी भुकटी होती, मिसरीसारखी. दाजींनी ती कागदावर काढली, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, ही तंबाखू न्हाय. गेल्या सहा महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो असेन. तेही नुसतं तोंडानं.

नवीन क्रॉस बसवताना मुख्य काम एवढंच, की कपातल्या सुया उभ्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी आतून ग्रीसचा लेप द्यायचा. आमचा ग्रीसचा डबा वाळून खडखडीत झाला होता, बाजार बंद होता, आणि दाजींना संध्याकाळच्या बसनं बेळगाव गाठायचं होतं. थंडी चांगली होती. दाजी म्हणाले, घटकाभर सुया धरून ठेवायला काहीही घट्ट चालंल, तूप हाय का? मी स्वयंपाकघरातून तुपाचा डबा आणला. कुंद्याचा जुना पत्र्याचा डबा होता तो, आक्का बेळगावहून मिठाई आणायची त्यातला. थिजलेलं रवाळ तूप बोटानं कपात भरलं, सुया त्यात सुरेख उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघं आपल्या अकलेवर इतके खूश झालो की आधी बसून चहा प्यायलो. तेवढ्यात ऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढलं. आम्ही कप ठोकायला घेतला, तर शेवटच्या एवढ्याशा अंतरावर तो जाईना. त्यावर जे लॉक बसतं, ते खाचेत उतरेना. दाजी म्हणाले, लॉक घासू या. मी म्हणालो, अजून ठोकू या. मी ठोकलं. तूप पातळ होऊन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि गरम लोखंडाला तुपाचा वास यायला लागला. तो वास मला माहीत होता. श्रावणात, पावसानं लाकडं ओली होती म्हणून, मी असंच डब्यानं तूप ओतलं होतं. डबाही हाच होता. हे मला कळलं, पण असं कळलं की जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगताहेत. मी हात पुसला आणि पुन्हा ठोकलं. शेवटी कप उलटा काढला तेव्हा एक सुई तळाशी आडवी पडून मोडली होती. एक सुई आडवी, की सगळं अडलं. कप वाया गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइसपासून अंगणापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. आई झाडू घेऊन उभी होती, पण झाडत नव्हती. म्हणाली, "ह्यांच्या गाडीला तूप लावलंसा व्हय? त्यांना भातावर वाढताना मी हात आखडायचो." आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. तिनं मुंग्यांना वाट ठेवून बाकीचा गोठा झाडला.

पुढच्या रविवारी दाजी बेळगावात दुकानं धुंडाळून कुठल्यातरी देशी गाडीचा, पण त्याच मापाचा क्रॉस आणि ग्रीसचा मोठा डबा घेऊन आले, आणि ह्या वेळी आम्ही चहा नंतर प्यायलो. सुया उभ्या राहिल्या, लॉक खाचेत बसलं, एक्सल हातात धरून वळवला तर लोण्यासारखा वळला. दुपारी गाडी जमिनीवर आली. मी तिला काढून हायवेला कागलच्या दिशेनं नेली. उसाच्या गाड्या चुकवत, वारा खात, आप्पांच्या सीटवर आप्पांच्या बसण्यानं पडलेल्या खळग्यात बसून मी गाडी चालवली आणि मला फार काही वाटलं नाही. गाडी चांगली चालतेय, एवढं वाटलं. संध्याकाळी परत आलो. गिरणीजवळ गियर पाडला, क्लच सोडला. काहीच झालं नाही. गाडी वळणावरून पाण्यावरच्या पानासारखी गल्लीत शिरली. दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. म्हणाले, बघ, शास्त्र.

आत गेलो तर आई स्वयंपाकघरात चुलीपुढच्या पाटावर बसली होती. समोर स्टोव्ह, त्यावर पातेलं, पातेल्यात मोजून घेतलेलं पाणी, आणि हातात काड्यापेटी. तिनं दुपारी गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं. म्हणाली, "कवा आलासा? गाडी कुठं ऱ्हायली?" मी म्हटलं, गोठ्यात लावली. ती म्हणाली, "खट्ट झालं न्हाय." दाजींनी उत्साहानं सांगायला घेतलं, की आता होणारच नाही, सुया कशा नव्या आहेत, कप कसे बसलेत. ती ऐकत होती. त्यांचं संपल्यावर तिनं मला विचारलं, "जुनं परत बसवता येतंय काय? त्या दिवसापुरतं?"

हे ती का विचारते ते आम्हाला दोघांनाही समजलं. लग्नाला ती येणार नव्हती. विधवा बाईनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच स्वतःला सांगितलं होतं. आक्का समजावून थकली, सुजाताच्या वडिलांचा निरोप आला, आई ऐकेना. सुनेला भाकरतुकडा ओवाळायची आक्का, माप मांडायची मावशी, आणि ती स्वतः आत, दार लोटून. वर्ष सुतकातलं, म्हणून वाजंत्रीही नव्हती. सून घरात येताना आईच्या वाट्याला जे येणार होतं, ते गिरणीजवळचं खट्ट, तेवढंच. आणि ते मी दोन रविवार खपून काढून टाकलं होतं. मी म्हणालो, "न्हाय बसवता येत, आई. रस्त्यात तुटंल." ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." काडी ओढून तिनं स्टोव्ह पेटवला. त्या संध्याकाळी चहाला पाणी आणि पत्ती एकदमच पडली.

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही. आता ह्या वयात वाटतं, मी तिथं बसायला हवं होतं. पण मी बाहेर जाऊन हातांचं ग्रीस काढत बसलो, रॉकेलनं, मग साबणानं, मग राखेनं.

लग्न सुजाताच्या दारात झालं, साधंच. अक्षता पडल्या, पंगत उठली, मांडे फार छान होते असं सगळे म्हणाले. निघताना अडचण अशी, की नवरीबरोबर पाठराखीण यायची पद्धत आणि गाडीत जागा दोन. पाठराखीण म्हणून आलेल्या तिच्या आत्यांनी गाडीकडं बघितलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि दाजींनी भाड्यानं आणलेल्या जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप पुढं गेली, आक्काला ताट तयार करायचं होतं. शालूतली नवरी त्या होडीत कशी उतरवायची, हा प्रश्न तिच्या भावांनी तिला दोन्हीकडून धरून सोडवला. फाटकं छप्पर मी आदल्या दिवशी पूर्ण काढूनच टाकलं होतं. खानापूर आलं, गेलं. झाडी संपली, बेळगाव मागं पडलं, हायवे लागला. ती पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून समोर बघत होती. संकेश्वरच्या अलीकडं मी चहासाठी थांबलो, गाडी थांबताच ती शिंकली आणि लाजली. मी तिला सांगितलं, लाजू नको, ही गाडीच तशी आहे. आणि मग, तिथं कपबशी हातात धरून, मी तिला वखार सांगितली, आप्पांची शिंक सांगितली, खट्टला पाणी आणि शिंकेला पत्ती सांगितलं, तुपाची गोष्ट सांगितली, आणि आई आत बसणार आहे हेही सांगितलं. बायकोशी पहिलं बोलणं म्हणून लोक काय-काय बोलतात, मी तिला युनिव्हर्सल जॉइंट समजावून दिला. बातम्या वाचून दाखवाव्यात तशा आवाजात. तिनं एकच विचारलं, "स्वयंपाकघर दारापासनं लांब हाय काय?" मी म्हटलं, मधे दोन खोल्या आहेत. ती बरं म्हणाली आणि गाडीत बसली. म्हणजे पडली.

उन्हं उतरत असताना आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. मी गिरणीजवळ गियर पाडला, क्लच सोडला, आणि नाही म्हटलं तरी कान दिला. काहीच नाही. दारात माणसं उभी होती. आक्कानं ताट उचललं. मी गाडी गोठ्यात लावली, सुजाताला हात देऊन वर ओढलं, आम्ही पायरीपर्यंत आलो, उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं, आक्कानं भाकरीचा तुकडा ओवाळायला हात वर केला, आणि नवरी शिंकली.

उंबऱ्यावर शिंक म्हणजे अपशकुन. आक्काचा हात तिथंच थांबला. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या मागून कुजबुजल्या, थांबा, जरा बसवा तिला, पाणी द्या, मग परत सुरुवात करू. कुणी पाणी आणायला हलायच्या आत ती दुसऱ्यांदा शिंकली, पहिलीपेक्षा मोठ्यानं, आणि मग तिसऱ्यांदा, अशी की शेजारच्या दाराची कडी वाजली. ह्यानंतर आता काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आक्काच्या ताटातल्या निरांजनाकडं बघत होतो.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. दोन्ही खोल्या ओलांडून आई आली. हातात पाण्याचा तांब्या, पदर कमरेला खोचलेला, चेहरा गोंधळलेला, झोपेतून उठल्यासारखा. ती थेट उंबऱ्यापर्यंत आली, मापाच्या पलीकडं उभी राहिली आणि म्हणाली, "पत्ती टाकायची येळ झाली की गं. आन् मी अजून पाणीच ठेवलं न्हाय." मावशी हळूच आईला म्हणाली, अगं, उंबऱ्यावर शिंकली की पोरगी. आई म्हणाली, "ह्या गाडीतनं उतरल्यावर शिंकतंयच माणूस. तिचा सासरा रोज शिंकत यायचा, काय वाईट झालं त्या घराचं?" आणि तिनं तांब्यातलं पाणी स्वतःच्या हातानं सुनेला पाजलं, मग आक्काच्या ताटातला भाकरतुकडा उचलला, तिच्यावरून ओवाळला आणि बाहेर टाकला. सुजातानं माप लवंडलं. तांदूळ आईच्या पायांवर पडले.

मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. गाडीची धूळ मलाही लागली असेल. मी शिंकत नव्हतो, पण नाक-डोळे वाहायला लागले ते थांबेनात, आणि उपरण्यानं पुसत मी गोठ्याकडं गेलो, गाडीला चावी राहिलीय असं सांगून. चावी माझ्या खिशात होती. तिथं गाडीच्या मागच्या चाकाला टेकून बराच वेळ बसलो. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. शेजारच्या काकू नेमक्या त्या वेळी नाही आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता अंगणात त्या गाडीच्या सीट काढून उन्हात घालत होती. मी काठी घेऊन झोडपायला मदत करायला गेलो. धुळीचा लोट उठला, मी लांब सरलो, ती तिथंच उभी होती आणि तिला काही झालं नाही. मी म्हटलं, काल तर गल्ली दणाणून सोडलीस, आणि आज एक शिंक नाही? तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं, आई आत भाकऱ्या थापत होती, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पहिली खरी होती. नंतरच्या दोन्ही, मधे दोन खोल्या हायत म्हणालासा म्हणून."